एकच कागद, पाच गट: शाळेच्या वाचनालयातलं एकत्र लिहिणं

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं, की ज्यांचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला त्यांना चौथीच्या पोरांच्या टॅबलेटमध्ये एवढा रस का? प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर आम्ही दर गुरुवारी एका प्राथमिक शाळेच्या वाचनालयात जाऊन बसतो. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, एक दाखल नोंदवही आणि खिडकीत वाळत घातलेली पोषण आहाराची पातेली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय हवं असं लिहिलेलं आहे, तसं ते इथेही आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेला पाच टॅबलेट मिळाले. ते ठेवायला कुलपाची जागा एकच होती, पुस्तकांचं कपाट. म्हणजे हा विषय आम्ही निवडलेला नाही, कपाटानेच तो आमच्या पुढ्यात आणून ठेवला.

आधी जुनी पद्धत आठवू या. 'गटात प्रकल्प करा' असं सांगितलं की काय व्हायचं? कार्डशीट यायचा. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहायचा. जिच्याकडे स्केचपेनांचा डबा ती नक्षी काढायची. उरलेले तिघे कार्डशीटची कोपरे दाबून धरायचे, कारण पंख्याने तो उडतो. शेवटी खाली पाच नावं. आपण सगळ्यांनी शाळेत हे केलेलं आहे आणि त्याला 'एकत्र काम' म्हटलेलं आहे. पण पाच जणांनी एका कामाजवळ बसणं आणि पाच जणांनी मिळून एक काम करणं, यात फरक आहे ना? कागदाची अडचण अशी की त्याच्या एका जागी एका वेळी एकच हात मावतो.

ही अडचण आधी कोणाच्या मनात सलली याचा थोडा इतिहास सांगतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने एक प्रात्यक्षिक दाखवलं. तो सभागृहात, त्याचा सहकारी मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत, आणि दोघे एकाच मजकुरावर बोलत, दाखवत काम करताहेत. माउसही त्याच दिवशी लोकांनी पाहिला, त्यामुळे लोकांना माउस लक्षात राहिला आणि हे विसरायला झालं. पुढे दोघांनी खरोखर एकाच वेळी लिहिलं तर काय करायचं, हा गणिती प्रश्न एलिस आणि गिब्ज या दोघांनी १९८९ मध्ये व्यवस्थित मांडला. आज आपण गूगल डॉक्समध्ये लिहितो तेव्हा त्याच वाटेवरचं उत्तर वापरत असतो.

तो प्रश्न काय होता, हे आम्ही पोरांना सतरंजीवर खेळून दाखवलं. तुम्हीही घरी करून बघा. चार चिठ्ठ्या मांडल्या: 'विहीर', 'फार', 'खोल', 'आहे'. एका मुलाला कानात सांगितलं, 'पहिल्या शब्दाच्या आधी *जुनी* ठेव.' दुसरीला सांगितलं, 'दुसरा शब्द उचल.' दोघांनी आपापलं काम चिठ्ठीवर लिहून दिलं. तिच्या मनात 'फार' उचलायचा आहे. आधी मुलाने 'जुनी' ठेवला. आता ओळ झाली 'जुनी विहीर फार खोल आहे'. मग तिची चिठ्ठी वाचली: दुसरा शब्द उचल. दुसरा शब्द कोणता? 'विहीर'! उरलं, 'जुनी फार खोल आहे'. पोरं लोळून हसली. विहीरच गेली.

मग विचारलं, चूक कोणाची? मुलाची नाही, मुलीची नाही. दोघांनी सांगितलं ते बरोबरच केलं. थोड्या वेळाने मागून एकजण म्हणाला, 'सर, तिच्या चिठ्ठीत दोनाचे तीन करायला पाहिजेत.' बस. हेच ते. दुसऱ्याने मधल्या काळात काय केलं ते पाहून आपल्या सूचनेतला आकडा बदलायचा, म्हणजे आपला हेतू शाबूत राहतो. यंत्र शब्द न मोजता अक्षरचिन्हं मोजतं, आणि हे अव्याहत करत राहतं, एवढाच फरक. आम्हाला यातली गंमत अशी वाटली की यंत्राला हेतू कळत नाही, जागा कळते. जागेचा घोळ ते निस्तरतं. दोन माणसांच्या हेतूंचा घोळ झाला तर ते आपल्यावर सोडून देतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे आमच्यावर शेकणार आहे.

प्रकल्प होता 'आपल्या गावाचं पाणी'. चौथीच्या परिसर अभ्यासात पाणी येतंच. पाच गट, पाच टॅबलेट, एकच सामायिक डॉक. बाईंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. रेंज गेली तर पोरं खिडकीशी धावायची, आणि आम्ही त्यांना पातेल्यांपासून लांब हाकायचो. टाइप करायला त्रास होतो म्हणून बोलून लिहिण्याची सोय वापरली. मराठी बऱ्यापैकी उमटतं, फक्त 'पोहरा' म्हटलं की 'पोरगा' येई. त्याचंही एक वाक्य झालं होतं, 'विहिरीत पोरगा सोडून पाणी काढत.' ते बाईंनी वेळेत पाहिलं.

सुरुवातीला आम्ही एक घोडचूक केली. दुव्यावरून कोणालाही लिहिता येईल अशी मुभा दिली, खातीबिती न उघडता. तसं केलं की गूगल प्रत्येकाला एखाद्या प्राण्याचं नाव देतं, अनामिक अमुक, अनामिक तमुक. पहिला अख्खा गुरुवार कोण कोणता प्राणी यावर गेला. गंमत सोडा, पण त्यात कोणी काय लिहिलं हे कळायला मार्ग नव्हता, आणि दुवा बाहेर गेला तर परका माणूसही आत येऊ शकला असता. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या नावाने खातं काढणं योग्य नाहीच. म्हणून शाळेच्या नावाने गटवार पाच खाती केली, 'गट एक' ते 'गट पाच'. मुलांची आडनावं, फोटो, घराचा पत्ता, काही डॉकमध्ये नाही. पालकसभेत संमतीपत्रावर सह्या घेतल्या. दुसरी साधनंही आहेत, पॅडलेटसारखा फळा आहे, ईथरपॅड आहे. पण साधनं जास्त झाली की पोरं साधनंच शिकत बसतात. शिवाय ती बंदही पडतात. गूगलचाच जॅमबोर्ड नावाचा फळा होता, तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. वही अशी कंपनी म्हणाली म्हणून बंद पडत नाही. त्यामुळे शेवटी छापील प्रत काढून तिला दाखल क्रमांक द्यायचा, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

आता, हे वाचनालयातच का? संगणकाच्या खोलीत का नाही? कारण संगणकाच्या खोलीत विचारतात 'कसं केलंस?' आणि वाचनालयात विचारतात 'कुठून आणलंस?' आम्हाला हा दुसरा प्रश्न जास्त जवळचा. आपल्याकडे नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चौथीला उपमान सांगायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक खूण करायची असं ठरलं. स्वतः पाहिलं तर 'पा'. अंदाज बांधला तर 'अं'. कोणी सांगितलं तर 'ऐ', ऐकलं. पुस्तकात मिळालं तर 'वा', वाचलं. डॉकमध्ये शेजारी टिप्पणी लिहिता येते, तिथे 'कोणाकडून ऐकलं?' 'कोणतं पुस्तक?' हे इतर गटांनी विचारायचं.

एवढ्याशा खुणेने केवढा फरक पडला! गट चारने लिहिलं होतं, 'विहीर सात परस खोल आहे.' खाली 'ऐ'. गट एकची टिप्पणी आली, 'परस म्हणजे काय?' तुमच्यापैकीही कित्येकांना ठाऊक नसेल. एक पुरुषभर उंची म्हणजे एक परस, विहिरीची खोली त्यात सांगायची जुनी रीत. मग पुढच्या आठवड्यात बाई, दोन पालक आणि दगड बांधलेली दोरी असा लवाजमा विहिरीवर गेला. पोरं कठड्यापासून चार हात लांब. दोरी भरली साडेअकरा मीटर. आता सातने भागा. एक परस साधारण एक मीटर चौसष्ट सेंटीमीटर. म्हणजे सांगणाऱ्याचं म्हणणं ठीक जुळलं. गटाने 'ऐ' तसाच ठेवून पुढे 'पा' जोडला, आणि वर्षभरात आम्ही पाहिलेल्या सर्वांत सुंदर दोन अक्षरांपैकी ती होती.

गट तीनमधली एक मुलगी फारशी बोलायची नाही. तिने एका गुरुवारी दोन वाक्यं लिहिली. 'माझ्या आजीला या विहिरीला शिवू देत नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात ती घागर घेऊन उभी राहायची आणि दुसरी बाई वरून पाणी ओतायची.' शेवटी 'ऐ'. वाचनालयात कोणी काही बोललं नाही. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही बाईंकडे.

पुढच्या गुरुवारी ती दोन वाक्यं नव्हती.

डॉक्समध्ये आवृत्ती इतिहास नावाची सोय असते. कोणत्या खात्याने, कधी, काय घातलं, काय काढलं, सगळं मागे जाऊन पाहता येतं. पाहिलं. रविवारी रात्री, 'गट दोन'च्या खात्यावरून. टॅबलेट तर कपाटात कुलपात होते. म्हणजे कोणाच्या तरी घरच्या फोनवरून. पासवर्ड पोरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला होताच. आता इतिहासाने काय सांगितलं आणि काय नाही, ते बघा. खातं सांगितलं, माणूस नाही. वेळ सांगितली, कारण नाही.

आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला. आम्ही शनिवारची आवृत्ती काढली आणि 'परत आणा'चं बटण दाबलं. दोन सेकंदांत आजीची वाक्यं जागेवर. मोठा न्याय केल्यासारखं वाटलं. तेवढ्यात गट चारमधला एकजण रडवेला होऊन उभा. 'सर, आमची मापं कोणी पुसली?'

आम्हीच पुसली होती. जुनी आवृत्ती परत आणली की अख्खा कागद त्या क्षणाला जातो. त्यानंतर, म्हणजे सोमवार ते बुधवारात, इतरांनी लिहिलेलं सगळं डॉकमधून निघून जातं. दोरीचं माप, हिशेब, तो 'पा', सगळं. इतिहासात ते राहतं, त्यामुळे मिळालं; आम्ही पुन्हा बुधवारच्या आवृत्तीवर गेलो आणि आजीची दोन वाक्यं तेवढी जुन्यातून उचलून आणून ठेवली. ही रीत लक्षात ठेवा, अख्खी आवृत्ती कधी परत आणू नका, हरवलेला भाग तेवढा उचला. पण पोरं जे पाहायचं ते पाहून चुकली होती. कोणाला न विचारता दुसऱ्याचं लिहिलेलं काढायचं नाही हा नियम सांगायला आम्ही उभे राहणार होतो, आणि त्या नियमाचा दुसरा भंग आमच्याच हातून झाला होता. बाई नंतर हळूच म्हणाल्या, 'सर, तुमच्या हातात टॅबलेट नाही द्यायचा.' विनोदाने म्हणाल्या. बहुतेक.

मग सतरंजीवर बैठक बसली. कोणी काढलं हे आम्ही विचारलं नाही. गट दोनमधला मुलगा आपणहून म्हणाला, 'घरी म्हणाले, असलं लिहू नका, गावाचं नाव खराब होतं.' आम्ही म्हटलं, बरं, तुमच्या गटाचं म्हणणं काय? 'आमचे आजोबा म्हणतात असं काही नव्हतं.' मग हेही डॉकमध्ये यायला हवं की नाही? यायला हवं. पुसून नाही, शेजारी टिप्पणीत. खाली 'ऐ'.

आता दोन 'ऐ' समोरासमोर. इथे आम्हाला वात्स्यायनाचा आधार घ्यावासा वाटला. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात तो सांगतो, की ज्याचा शब्द प्रमाण मानायचा तो आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणलेला, आणि जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा असलेला माणूस. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू पडतं असंही तो म्हणतो. म्हणजे कोण सांगतो यावर ठरत नाही, त्याने ती गोष्ट जाणली आहे का यावर ठरतं. पोरांना एवढंच विचारलं, 'पाणी भरायला कोण जायचं?' त्या मुलाने घरी जाऊन आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, 'आम्ही कशाला जातोय? बायका जायच्या.' मग त्याने आपल्या आजीला विचारलं. पुढच्या गुरुवारी त्याने टिप्पणी लिहिली. 'आजी म्हणाली, हो, आम्हीच ओतायचो. पण लिहू नको म्हणाली.'

मंडळी, पन्नास वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, पण इतका नेमका पेच वर्गात कधी आला नव्हता. साक्ष मिळाली, आणि साक्षीदार म्हणते नोंदवू नका. आणि ती नोंद पाच टॅबलेटांवर आधीच दिसते आहे. कागदावर कुजबुज राहू शकते. सामायिक डॉकमध्ये लिहिलं की ते सगळ्यांचं झालं. आम्ही त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, 'बाळा, आजीचं ऐकायचं का?' त्याने स्वतःच्या हाताने ती टिप्पणी काढली. नियम दुसऱ्याच्या शब्दांबद्दल होता, स्वतःच्या नाही, तेव्हा नियमही मोडला नाही. त्याने आजोबांचीही टिप्पणी काढली, ती का हे आम्ही विचारलं नाही.

मग गट तीनच्या मुलीलाही घरी विचारून यायला सांगितलं, हे खरं तर आधीच करायला हवं होतं. ती येऊन म्हणाली, 'आजी म्हणते लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही.' अक्षरं सगळ्यांची सारखीच ठेवली, पण वाक्यं राहिली. नंतर कपाटातल्या आंबेडकरांच्या एका छोट्या चरित्रातून गट पाचने महाडचं चवदार तळं शोधून काढलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्याचं पाणी प्यायले, आणि हक्काचा दावा उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. त्याखाली 'वा'. एका पोराने हिशेब केला, 'सर, मग बहात्तर साल तर किती नंतर आहे.' पस्तीस वर्षं नंतर. त्याने त्या वजाबाकीखाली 'अं' लिहिलं. तो अंदाज नाही, गणित आहे, असं बाईंनी सांगितल्यावर नवी खूण काढायची का यावर अर्धा तास गेला.

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, की मुलांनी थेट विकिपीडियावर का लिहू नये? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, एकत्र लिहिण्याचा तो फार मोठा प्रयोग आहे. पण तिथे छापील किंवा अन्यत्र प्रकाशित आधार लागतो. आजीचं सांगणं तिथे चालत नाही, आणि ज्ञानकोशाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. आजीचा शब्द पहिल्यांदा टिपून घेणं हे काम दुसऱ्या कोणी तरी करायचं असतं. ते गावातलं वाचनालय करू शकतं.

गुणांचंही थोडक्यात सांगतो. आवृत्ती इतिहासावरून कोणत्या गटाने किती लिहिलं ते मोजून गुण द्यावेत, अशी एक सूचना आली. आम्ही कडाडून विरोध केला. गट एकमधल्या एका मुलाने वर्षभरात एक अक्षरही टाइप केलं नाही. तो फक्त विचारायचा. 'परस म्हणजे काय' हे त्याचंच, टिपलं दुसऱ्याने. इतिहासात तो सापडणार नाही. आणि आपलं प्रत्येक बटण कोणी मोजतंय हे पोरांना कळलं की ती बटणं दाबत सुटतात.

मार्चमध्ये प्रत छापली, अकरा पानं, बाईंनी शिवली. दाखल नोंदवहीत लेखकाचा रकाना आला तेव्हा लेखणी थांबली. शेवटी 'इयत्ता चौथी' लिहिलं, आणि सांगणाऱ्यांचा उल्लेख आत, नावं न घालता. प्रत कपाटात खालच्या खणात आहे, लहान मुलांचा हात पोचतो तिथे.

आता प्रश्न घेऊ या, पण त्याआधी आमचाच एक तुम्हाला. जूनमध्ये नवी चौथी बसेल. बाईंचं म्हणणं, हाच डॉक त्यांना पुढे लिहायला द्यावा, विहीर काय दर वर्षी नवी होते? आमचं म्हणणं, मूळ फक्त वाचायला द्यावा आणि त्यांना नक्कल करून द्यावी, कारण ज्यांनी ती वाक्यं जपली ती पोरं तेव्हा पाचवीत गेलेली असतील. आमचं दोघांचं यावर अजून जमलेलं नाही. तुमच्यात शाळेत शिकवणारं कोणी असेल तर त्यांनी आधी बोलावं.